मदत हवी आहे : मुलाला पुन्हा पुन्हा गळू, रिपोर्टमध्ये एमआरएसए

नमस्कार मंडळी. मुलगा १७ वर्षांचा, पेठेतल्या तालमीत जातो. चार महिन्यांत मांडीवर हे तिसरं गळू. आधी दोनदा अँटिबायोटिक दिलं होतं. पठ्ठ्याने बरं वाटताच तिसऱ्या दिवशी बंद केलं. (बोलणी खाऊन झालीत, आणखी नकोत.) या वेळी चिरा देऊन पू कल्चरला पाठवला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू निघाला, तोही एमआरएसए, म्हणजे पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांना दाद न देणारा प्रकार.

डॉक्टर म्हणाले, साधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस १० पैकी साधारण ३ निरोगी माणसांच्या नाकात गुपचूप असतोच, खरचटलं की आत शिरतो. पेनिसिलिनच्या जातीची औषधं ज्या प्रथिनाला चिकटून जंतूची भिंत बांधणं थांबवतात, त्याच्या जागी एमआरएसए वेगळंच प्रथिन वापरतो. औषध तिथे नीट चिकटतच नाही. आता डॉक्सिसायक्लिन हे दुसऱ्या जातीचं अँटिबायोटिक चालू आहे, जखम भरतेय.

सगळ्या घराने नाकात म्युपिरोसिन (अँटिबायोटिक मलम) लावायचं आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने आंघोळ करायची, असं कुणाला सांगितलं होतं का? गुण टिकला? सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून धास्ती जास्त. टॉवेल वेगळे केले, पण तालमीचं काय? वस्तादांना कसं सांगू? कोथरूड-सिंहगड रोड भागातले संसर्गजन्य आजारांचे तज्ज्ञ सुचवा. लेप-काढे कृपया नकोत.