इन्व्हेस्टर म्हणाले "मॉडेल बसत नाही, उलटं गणित करून या". म्हणजे नेमकं काय?

उद्यमबाग_पोरगा
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मित्र, दोघंपण इथलेच, इंजिनिअरिंग करून काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता परत आलोय. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या छोट्या मशीन शॉपना आणि फाउंड्रीवाल्यांना चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या ऑर्डरी मिळवून द्यायचं ॲप करायलोय. कंपनीनं ड्रॉइंग टाकायचं, तीन-चार शॉपची कोटेशनं येतात, ऑर्डर ठरली की आम्ही ३ टक्के घेतो. आत्ता महिन्याला साधारण १० लाखाचं काम आमच्यातनं जातंय, म्हणजे आमच्या हातात ३० हजार. ५० लाख पाहिजेत, १० टक्के शेअर द्यायची तयारी आहे. हुबळीच्या एका इन्व्हेस्टरना भेटलो, त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चहा पाजला आणि हे उलटं गणित सांगून पाठवून दिलं. ग्राहक आहेत, पैसे पण येतायत, मग बसत नाही ते काय? कुणाला अनुभव असेल तर सांगा की.

टिळकवाडी_अण्णा
मी पण असे छोटे चेक लावतो म्हणून आमच्या बाजूनं सांगतो. ५० लाखाला १० टक्के म्हणजे तुम्ही कंपनीची किंमत ५ कोटी धरलीसा. आता मी दहा ठिकाणी पैसे टाकले तर त्यातले बहुतेक बुडणार हे धरूनच टाकतो, म्हणून जे एखादं चालेल त्यानं निदान २० पट दिलं पाहिजे, नाहीतर मी आपली एफडीच बरी. ५० लाखाचे २० पट म्हणजे १० कोटी. मधे नवे इन्व्हेस्टर घेऊन अजून दोन-तीन राउंड होणार, माझे १० टक्के घसरून समजा ५ वर येणार. ५ टक्क्याची किंमत १० कोटी व्हायची असेल तर कंपनी २०० कोटीची झाली पाहिजे. वर्षाच्या कमाईच्या पाचपट कुणी दिलं असं धरा (हे पण मी सढळ हातानं धरलंय), तर कमाई पाहिजे ४० कोटी. तुमचे ३ टक्के. म्हणजे वर्षाला १,३३३ कोटीच्या ऑर्डरी, महिन्याला १११ कोटी. आज १० लाख.

हेच उलटं गणित. शेवटाकडनं मागं यायचं आणि मधली कुठली पायरी खोटी वाटते ते बघायचं. तुमच्यात ३ टक्के हीच पायरी खोटी आहे, बाकी नंतर.

आणि दुसरं, जे त्या साहेबांनी तोंडावर सांगितलं नसेल: दुसरी ऑर्डर तुमच्यातनंच कशाला येईल? पहिल्या डिलिव्हरीला शॉपवाल्याकडं पर्चेसवाल्याचा नंबर येतोय, पुढचं काम व्हॉट्सॲपवर. जुन्या ग्राहकांच्या किती टक्के रिपीट ऑर्डरी तुमच्यातनं गेल्या तो आकडा काढा आधी. डेकमधली (इन्व्हेस्टरला दाखवायच्या प्रेझेंटेशनमधली) बाकीची पंचवीस पानं मी बघत पण नाही.

मच्छे_व्हीएमसी
अण्णा बरोबर बोलले, मी शॉपवालाच आहे, आणि होय, नंबर आला की आम्ही डायरेक्टच करतो, त्यात लाजायचं काय. ॲपवाल्यानं ओळख करून दिली, त्याचे ३ टक्के झाले, विषय संपला.

पण मी जन्मभर कुणाला पैसे देईन ते सांगतो. मागं एका गिऱ्हाइकाकडनं फ्लँजचा अख्खा लॉट परत आला, बोअर (मधलं भोक) जास्त झालाय म्हणून. आमच्या बोअर गेजनं बरोबर, त्यांच्या सीएमएमवर (माप घ्यायच्या मशीनवर) चूक. नंतर कळलं की ड्रॉइंगचं रिव्हिजन बदललं होतं आणि आमच्याकडं जुनंच प्रिंट. गाडीभाडं जाऊन-येऊन आमच्या गळ्यात, बिल अडकलं ते वेगळंच, आणि पर्चेसवाला फोन उचलंना. तेव्हा मधे कुणीतरी पाहिजे होता ज्यानं माल निघायच्या आधी मोजून रिपोर्ट लावला असता आणि कुठलं रिव्हिजन चालू आहे ते दोघांच्या सहीनं धरून ठेवलं असतं. असं कोण करत असेल तर ३ काय, ७ टक्के घ्या की ओ. नुसतं कोटेशन गोळा करायला आम्हाला ॲप नको.

उद्यमबाग_पोरगा
रिपीटचा आकडा काढला. लिहीत नाही इथं, अण्णांचंच खरं. 😅 मग आम्ही ऑर्डर स्वतःच्याच नावावर घेतली तर? बेंगळूरची झेटवर्क कंपनी, असेच पार्ट बनवून घेऊन विकणारी, २०१८ ला सुरू झाली तेव्हा सॉफ्टवेअर विकत होती, मग ऑर्डरीच स्वतः घ्यायला लागली. शॉपकडनं ८८ ला घेऊन १०० ला विकलं तर १२ सुटतात. ४० कोटीला ३३३ कोटीच्या ऑर्डरी, चौपट कमी झालं की.

खानापूर_लेजर
गणित बरोबर, पण पैसे कुठं अडकतात ते बघा. मी अकाउंट्समधला माणूस. तुमच्या शॉपवाल्यांकडं उद्यम सर्टिफिकेट असणार, ते सूक्ष्म किंवा लघु उद्योग. त्यांना लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायलाच लागतात, नाहीतर, वर्ष संपेपर्यंत थकलं तर, तो खर्च त्या वर्षी इन्कमटॅक्सला धरत नाहीत. २०२४ पासून सगळे सीए त्या ४३बी(एच) कलमाच्या नावानं बोंबलायलेत ते हेच. आणि चाकणची कंपनी तुम्हाला ९० दिवसांनी देणार. तुम्ही तिच्यावर हाच नियम लावायला गेलासा तर तुम्ही नुसते ट्रेडर, आणि ट्रेडरला हे संरक्षण नाही. दोन्हीकडनं तुम्हीच दाबले जाणार.

महिन्याला १ कोटीचं काम गेलं तर मधल्या ४५ दिवसांत सव्वा कोटीच्या वर रक्कम रस्त्यात. तुमचे ५० लाख उद्यमबागेच्या गेटपर्यंत पण पुरत नाहीत. आणि कुठला एंजल (सुरुवातीला स्वतःचे पैसे लावणारा इन्व्हेस्टर) शेअरचे पैसे उधारीत गाडायला देणार? उधारीला बँक असते.

माझं मत, बिल शॉपनंच डायरेक्ट कंपनीला करू दे. २५० कोटीच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर (छोट्या उद्योगांच्या बिलांवर बँकांकडनं आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर) नोंदणी सक्तीची आहे, तिथं बिल मान्य झालं की शॉपला लवकर पैसे मिळतात. तुम्ही फक्त तपासणी, रिव्हिजन आणि हे बिल लावून द्यायचं काम घ्या, वर मच्छेवाले म्हणाले ते ७ टक्के.

टिळकवाडी_अण्णा
हे जमतंय. ७ टक्क्यानं ५७० कोटीच्या आसपास, म्हणजे झेटवर्कवाल्या हिशोबापेक्षा जास्त, पण पैसा अडकत नाही आणि मुख्य म्हणजे शॉपवाला पळून जात नाही. नुसत्या बेळगावावर तरी हे होणार नाही, कोल्हापूरकडचं शिरोली, गोकुळ शिरगाव, पुढं कोइमतूर, राजकोट दाखवायला लागेल. पण प्रत्येक गावात मोजणारा माणूस ठेवायला लागतोय, तेव्हा एका माणसाच्या पगारात महिन्याला किती लॉट तपासून होतात तो आकडा पाहिजे. तिथंच मॉडेल उभं राहील नाहीतर पडेल.

आणि हे सगळं करून पण ५७० कोटी खोटं वाटत असेल तर एंजलकडं जाऊच नका, वर्षाला ५० लाख घरात आणणारा धंदा काय वाईट आहे का? तपासणीच्या मशीनला कर्ज काढा, कर्नाटक सरकारच्या एलिव्हेट या स्टार्टअप योजनेला अर्ज टाका, ५० लाखापर्यंत अनुदान मिळतंय, शेअर द्यायला लागत नाही.

मच्छे_व्हीएमसी
माझे दोन लॉट पुढच्या आठवड्यात निघायलेत. येऊन मोजा, किती वेळ लागतो ते तिथंच कळंल. पहिल्याला पैसे देणार नाही, दुसऱ्याला बघू.