विषय: दिवाळी अंक – फाइल उघडत नाही

संपादकबाई,
परिपत्रकात ‘ओपनऑफिस एक्सएमएल’ मागितलं होतंत. मी इमानेइतबारे ओपनऑफिसमध्ये लेख टंकून पाठवला, तर पुण्याहून निरोप, फाइल उघडत नाही. नावात ‘ओपन’ आणि उघडायची बोंब!
– खजिनदार

---

काका,
लेख नाही, पण टोमणा व्यवस्थित पोचला.

परिपत्रकात ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ आहे. ‘ऑफिस’ आधी, ‘ओपन’ नंतर. म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डॉकएक्स, वर्ड २००७ पासूनचं. ओपनऑफिसचं घराणं वेगळं. २००२च्या पहिल्या आवृत्तीत फाइल एसएक्सडब्ल्यू असायची आणि त्या फॉरमॅटचं नाव होतं ‘ओपनऑफिस डॉट ऑर्ग एक्सएमएल’. त्यातूनच पुढे ओपन डॉक्युमेंट आलं, म्हणजे तुमचं ओडीटी. त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची मान्यता २००६ सालची. मायक्रोसॉफ्टच्या फॉरमॅटला ती २००८मध्ये मिळाली, तीही बऱ्याच भांडणानंतर. भारताचं मत विरोधात होतं. इतकी सारखी नावं ठेवणाऱ्यांना आपण नावं ठेवावीत तेवढी थोडीच.

तर तुमची फाइल. नावाला शेपूट डॉकएक्सचं आहे, पण नारायण पेठेतल्या आपल्या डीटीपीवाल्यांच्या इनडिझाइनने, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरने, ती घेतली नाही. दोन्ही फॉरमॅट मुळात झिपच असतात, म्हणून प्रत काढून तिला झिप नाव दिलं आणि आत पाहिलं. डॉकएक्समध्ये ‘वर्ड’ नावाचा फोल्डर असतो नि त्यात डॉक्युमेंट डॉट एक्सएमएल. तुमच्या फाइलमध्ये निघालं कंटेंट डॉट एक्सएमएल. म्हणजे ओडीटीचं नुसतं नाव बदललंय! इनडिझाइन ओडीटी घेत नाही. डॉकएक्स किंवा आरटीएफ हा जुना फॉरमॅट घेतं.

ओपनऑफिसला डॉकएक्स उघडता येतं, त्यात सेव्ह करता येत नाही. तेव्हा ‘सेव्ह ॲज’मधून आरटीएफ निवडा, नाहीतर ओपनऑफिसचंच भावंड असलेलं लिबरऑफिस उतरवून घ्या. नाव बदलू नका. घटस्थापनेआधी पानं लावायचीत.
– संपादक, मुक्काम पुणे

---

ताई, लिबरऑफिसच्या यादीत डॉकएक्स दोनदा दिसतंय. एक ‘वर्ड’वालं, दुसरं ‘ऑफिस ओपन एक्सएमएल टेक्स्ट’. घ्यायचं कुठलं?
– जाहिरात समिती

---

वर्डचं नाव असलेलं घ्या. आणि वर्ड वापरणाऱ्यांनो, तिथल्या यादीत ‘स्ट्रिक्ट ओपन एक्सएमएल’ दिसेल. त्याच्या वाटेला जाऊ नका, साधं ‘वर्ड डॉक्युमेंट’ बरं.
– संपादक

---

आरटीएफ पाठवलंय. ओपन डॉक्युमेंट आधी मान्य झालं, तर आम्हीच का बदलायचं, हा प्रश्न वार्षिक सभेत घेणार आहे.
– खजिनदार

---

काका, सभेत जरूर घ्या, मी अनुमोदन देते. फाइल उघडली. पण पहिल्या पानावर सगळी इंग्रजी अक्षरं नि चिन्हंच दिसताहेत. हे टंकलंय कशात? जुना फॉन्ट असेल तर त्याचं नाव कळवा, इथे युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे मराठीच दिसेल अशा प्रमाण अक्षरांत, बदलून घेते.
– संपादक