जपानमधलं विद्यार्थीजीवन आणि भटकंती : तुमचे अनुभव लिहा

जपानी युनिव्हर्सिट्यांचे प्रवेश मुख्यतः एप्रिल आणि ऑक्टोबरचे. त्याच्या आधी आपल्याकडची निघालेली मुलं हमखास विचारतात, खाणार काय, पैसे पुरतील का, फिरायला जमेल का. तिथे राहिलेल्यांनीच हे सांगावं म्हणून हा धागा. जे आठवेल ते लिहा.

मीच सुरुवात करते. टूरिस्ट लोक ज्या जेआर (जपान रेल्वे) पासवर देशभर फिरतात तो स्टुडंट व्हिसावर मिळत नाही, हे आधीच माहीत असू द्या. आपल्यासाठी गाकुवारी, म्हणजे विद्यार्थी सवलत. कॉलेजातून सर्टिफिकेट घ्यायचं, एका बाजूचं अंतर १०० किमीच्या वर असलं की जेआरच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट, शिनकान्सेनचा (बुलेट ट्रेनचा) वरचा चार्ज मात्र पूर्ण भरावा लागतो. आणि सुट्टीत सेइशुन १८ तिकीट, वयाची अट नाही, लोकल आणि रॅपिड गाड्यांनी हवं तेवढं फिरा. २०२४च्या हिवाळ्यापासून ते सलग ३ किंवा ५ दिवसांचं केलंय, आधी सीझनमधले कुठलेही ५ दिवस चालायचे, मित्रांत वाटूनही घेता यायचं. ते बंद झालं याचं मला खरंच वाईट वाटतं.

*

मी ओसाकाला होतो, घरून पक्का शाकाहारी. जपानमध्ये अडचण मांसाची कमी आणि दाशीची, म्हणजे सूप-रश्श्यात घालायच्या अर्काची जास्त, कारण नुसत्या भाज्यांच्या सूपातही बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क असतो. म्हणून घरीच स्वयंपाक, आणि भाजी आणायला संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटात, तेव्हा अर्ध्या किमतीचे स्टिकर लागतात.

पण कोयासानला, डोंगरावरच्या बौद्ध मठांच्या गावाला, जाच. नाम्बाहून नानकाई लाइनने गोकुराकुबाशी, मग केबल कार. तिथल्या मठांत भिक्षूंचं शाकाहारी जेवण, म्हणजे शोजिन र्‍योरी मिळतं, मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही, दाशी कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि शिइताके मशरूमची. आई आली होती तेव्हा तिला निर्धास्त जेवताना बघून फार बरं वाटलं. जेवून ओकुनोइनला, तिथल्या जुन्या दफनभूमीत गेलो, देवदारासारख्या उंच झाडांतून साधारण २ किमीची वाट आणि दोन्ही बाजूंना २ लाखांवर समाध्या. आणि कोयासान युनिव्हर्सिटीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवलेला. इतक्या लांब डोंगरावर बाबासाहेब दिसल्यावर आम्ही दोघं बराच वेळ तिथेच उभे होतो.

*

टोकियो. पार्टटाइमला सगळे बाइतो म्हणतात. आठवड्याला २८ तासच, लांब सुट्टीत दिवसाला ८ तासांपर्यंत. परवानगीचा अर्ज एअरपोर्टवर उतरतानाच देता येतो, देऊन टाका, नंतर इमिग्रेशन ऑफिसच्या रांगेत दिवस जातो. आणि तास ओलांडू नका, व्हिसा रिन्यू करताना ते निघतं.

सण असला की मी आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन या देवळात जायचे. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच, मूर्ती लोकांना दाखवत नाहीत आणि नैवेद्याला लोक अख्खा पांढरा मुळा ठेवतात. मोदक नसले तरी मला तिथे घरच्यासारखं वाटायचं. आसाकुसातल्या मोठ्या सेन्सोजी देवळाची गर्दी इथवर येत नाही.

*

साप्पोरोवाले कोणी असाल तर एकच महत्त्वाचं. कडाक्याच्या थंडीत बाहेरगावी जाताना नळाच्या पाइपांतलं पाणी काढून टाकायचं, नाहीतर गोठून पाइप फुटतात आणि खर्च आपल्यावर येतो. कसं काढायचं ते खोली घेतानाच घरमालकाकडून करून दाखवून घ्या. बूट इथून नेऊ नका, तिकडचेच घ्या, त्यांचे तळवे बर्फासाठी बनवलेले असतात. बाकी फेब्रुवारीत ओदोरी पार्कमध्ये बर्फाचे पुतळे असतात, बघायला तिकीट नाही, रात्री लाइट लावल्यावर जा.