अडचणीच्या दिवसांत भेटलेली माणसं, सुचलेल्या गोष्टी : अनुभव धागा

संकटाने माणूस उजळून निघतो असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. आजारपणाने, जवळचं कुणी जाण्याने, हातातलं काम सुटण्याने माणसं खचतात, कडवट होतात, आणि त्यात त्यांचा काहीएक दोष नसतो. पण हेही मी पाहिलंय की अशाच दिवसांत कुणीतरी नेमकं काहीतरी करतं. एखादी ओळ गुणगुणतं, खुर्ची पुढे सरकवतं, हाताला भलतंच काम लावतं, आणि तेवढ्यापुरतं का होईना, आतलं मळभ हटतं. त्या 'काहीतरी'साठी हा धागा काढलाय.

विनंती एकच. बोध लिहू नका, घडलं ते लिहा. समोर कोण होतं, हातात काय होतं, काय बोलणं झालं. देव मानत असाल तर तसं लिहा, मानत नसाल तर तसंही. माणसांची आणि दवाखान्यांची नावं मात्र नकोत. काही जणांना मी आधीच गळ घालून ठेवली होती, त्यांच्यापासून सुरुवात करते.

वाचा गेलेल्या वडिलांची मुलगी

बाबांना मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. कळत सगळं होतं, ते डोळ्यांत दिसायचं. पण 'पाणी' म्हणायला जावं तर तोंडातून तिसराच आवाज निघायचा आणि मग ते डाव्या हाताची मूठ पलंगावर आपटत राहायचे. आयुष्यभर वर्गात उभं राहून शिकवलेला माणूस. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एका संध्याकाळी आई त्यांच्या उशाशी बसून, स्वतःशीच, आम्हा भावंडांसाठी म्हणायची ती अंगाई म्हणत होती. दुसऱ्या ओळीला बाबांचा आवाज मिसळला. शब्दांसकट! मी दारात होते, मला ओरडावंसं वाटलं. आई मात्र थांबली नाही. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लय जराशी संथ केली, इतकंच. बाबा कडव्याच्या शेवटापर्यंत आले. आपण थांबलो तर ते भानावर येतील आणि अडखळतील हे तिला त्या क्षणी कसं उमगलं, मला अजून कोडं आहे. मी त्याला देवाची कृपा म्हणते. आई म्हणते, "मला भीती वाटली म्हणून मी गात राहिले."

स्पीच थेरपिस्ट बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, असं होतं. बहुतेकांची बोलण्याची केंद्रं डाव्या मेंदूत असतात, गाण्यात उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो. याच निरीक्षणावरून अमेरिकेत मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी १९७३ मध्ये एक उपचारपद्धती मांडली. रोज लागणारं छोटं वाक्य दोनच सुरांत, एक वरचा आणि एक खालचा, म्हणायचं आणि दर अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने एकेक थाप द्यायची. मग हळूहळू सूर सोडवत वाक्य बोलण्यावर आणायचं. समजतं पण बोलता येत नाही अशांसाठी ती आहे आणि सगळ्यांना सारखा गुण येत नाही, हेही थेरपिस्ट बाईंनी आधीच सांगून टाकलं.

झालं, आमच्या घरात वाक्यांना चाली लागू लागल्या. 'पाणी हवं', 'मला बसव', 'दिवा बंद कर'. आई काही गाणारी वगैरे नव्हे. पण भाजी निवडता निवडता ती नवी चाल जुळवायची आणि आधी माझ्यावर करून बघायची. 'मी रागावलोय' या वाक्यालाही तिने चाल लावली, कारण तिच्या मते ते त्यांना सगळ्यात आधी लागणार होतं. लागलंच. बाबांनी पहिल्यांदा ते सुरात म्हटलं तेव्हा आई इतकी हसली की ते खरोखरच रागावले, आणि मग तिघंही हसत सुटलो. आता ते तुटक तुटक बोलतात. डावा तळहात मांडीवर थापा देत असतो. दमले की वाक्य परत सुरावर जातं.

रात्रपाळीची परिचारिका

मी उपशामक सेवेत आहे. आजार बरा होणार नाही हे ठरलेलं असतं, त्रास कमी करायचा एवढंच आमच्या हातात असतं. या सेवेला आजचं रूप दिलं ते इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स यांनी. त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना शरीराची असते तशीच मनाची, नात्यागोत्यांची आणि आत्म्याचीही असते, हा त्यांचा विचार. प्रशिक्षणात मी तो वहीत उतरवून घेतला होता. कळला एका आजोबांमुळे.

औषधाची मात्रा पुरेशी होती, डॉक्टर नुकतेच तपासून गेले होते, तरी आजोबांचं कण्हणं थांबेना. मी विचारलं, "कुठे दुखतंय?" "दुखत नाही हो. झोपलो तर सकाळी फाटक कोण उघडणार?" त्यांनी सगळी हयात एका शाळेत शिपाईगिरी केली होती. पोरं बाहेर ताटकळतील याचा घोर लागला होता त्यांना. तुम्ही आता दवाखान्यात आहात, निवृत्त झालात, असं दिवसपाळीत सगळ्यांनी समजावून झालं होतं. त्याने ते आणखीच घाबरे व्हायचे.

मी म्हटलं, "आजोबा, किल्ली माझ्याकडे द्या. मी पहाटे जागीच असते." त्यांनी मूठ माझ्या तळहातावर आणून सोडली. हातात काही नव्हतं. मी ते 'काही नव्हतं' एप्रनच्या खिशात टाकलं आणि खिशावर थोपटून दाखवलं. त्यांनी विचारलं, "कुलूप जरा अडकतं, वर उचलून फिरवाल ना?" "वर उचलून फिरवते." मग ते झोपले. सकाळी डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न, "उघडलंत?" पुढच्या पाळीच्या मुलीला मी रिपोर्ट देताना औषधांच्या वेळांबरोबर किल्लीचंही सांगितलं. त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत ती किल्ली आमच्यात पाळीपाळीने फिरत होती.

लोक विचारतात, असल्या कामाने तू पोखरून कशी निघत नाहीस? कधीकधी निघते. पण त्या रात्रीनंतर घरी जाताना मी थकलेली नव्हते.

(धागा काढणारी मी मध्येच बोलते, कारण या शेवटच्या वाक्याबद्दल मला फार वाटतं. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी २०१४ मध्ये नेमका हा फरक मांडला होता. दुसऱ्याचं दुःख आपल्याच अंगात भिनवून घेणं ही एक गोष्ट, त्याच्याविषयी माया वाटून त्याचं बरं व्हावं म्हणून सरसावणं ही दुसरी. पहिलीने माणूस पिचतो आणि लांब पळू पाहतो, दुसरीने जवळ जातो. मेंदूत दोन्हींच्या वेळी वेगवेगळी जाळी कामाला लागतात आणि दुसरी सरावाने वाढवता येते, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे सोबत रडणाऱ्याला हळवा आणि शांतपणे किल्ली घेणाऱ्याला कोरडा समजायची खोड आहे. ती जायला हवी.)

जिन्यात बसलेली

माझं छोटंसंच आहे. रिपोर्ट हातात पडला आणि मी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले. सफाईवाल्या मावशी वरून पायऱ्या पुसत आल्या. उठा म्हणतील असं वाटलं. त्यांनी माझ्या वरची पायरी पुसली, खालची पुसली, माझी सोडली. खाली गेल्यावर ओल्या फरशीचा पिवळा फलक जिन्याच्या तोंडाशी आडवा लावला. खालची लादी कोरडी होती. बराच वेळ त्या जिन्यात कुणी फिरकलं नाही.

देव न मानणारा

मी नास्तिक आहे आणि पत्नी गेल्यावरही राहिलो. पण घरात रात्री काढणं अशक्य झालं तेव्हा एका मित्राने मैत्रीभावनेचं ध्यान सुचवलं. मला वाचल्याशिवाय काही करवत नाही, म्हणून पाचव्या शतकातल्या बौद्ध आचार्य बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथातला तो भाग मिळवला. त्यात क्रम दिलाय. आधी स्वतः सुखी असावं अशी भावना करायची, मग आदराचं माणूस, मग जिवलग, मग ज्याच्याविषयी आपल्याला ना प्रेम ना राग असं कुणी, आणि शेवटी वैरी. आणि स्पष्ट लिहिलंय की मृत व्यक्तीला डोळ्यांसमोर ठेवून हे ध्यान करू नये. मी नेमकं तिलाच समोर बसवणार होतो. पुस्तक मिटून ठेवलं, दोन दिवस चिडचिड केली, मग मुकाट्याने क्रमाने गेलो.

अडलो ते चौथ्यावर. ना प्रेम ना राग असं माणूस आठवेचना. शेवटी लिफ्टमध्ये रोज भेटणारे वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ घेतले. 'ते सुखी असोत, त्यांना त्रास न होवो.' अडचण अशी की डोळे मिटले की त्यांचा चेहराच येईना, इतकं मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून पाहू लागलो. ते आत आले की बटण दाबण्याआधी मागे वळून कुणी येतंय का बघतात. डाव्या कानात यंत्र आहे, म्हणून उजवा कान लोकांकडे करून उभे राहतात. छत्री असली की पाणी दुसऱ्याच्या पायावर ठिबकू नये म्हणून स्वतःच्या बुटावर टेकवतात.

असं बरेच आठवडे चाललं. एकदा तेच म्हणाले, "हल्ली तुम्ही परत दाढी करायला लागलात. बरं वाटलं." म्हणजे तेही पाहत होते! ती गेली ते त्यांना माहीत होतं, काय बोलावं सुचत नसल्याने ते रोज नुसते लिफ्ट धरून ठेवत होते.

आध्यात्मिक प्रकाश वगैरे मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी मी त्यांच्या मजल्यापर्यंत वर गेलो आणि तिच्याबद्दल बोललो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

दृष्टी गेलेला कवी

रेटिनायटिस पिग्मेंटोसा, डोळ्यांच्या पडद्याचा आजार. नजर कडांकडून आत येत येत गेली. मला कविता लिहिल्याशिवाय चैन पडत नसे आणि सांगून लिहून घेणं मला जमत नव्हतं, कारण ओळ सुचते तेव्हा ती कुणाला ऐकवण्यासारखी नसतेच.

चाळिशी उलटल्यावर ब्रेल शिकायला गेलो. बोटं निबर झालेली, टिंबं वेगळी कळेनात. शिकवणारे सर जन्मांध. त्यांनी कधी धीर दिला नाही, कौतुकही नाही. माझ्या बोटावर आपलं बोट ठेवून ते फक्त वेग कमी करायचे. दाबू नका, नुसतं जाऊ द्या, एवढंच म्हणायचे.

ब्रेलमध्ये पाटी (टिंबांच्या खाचांची पट्टी) आणि स्टायलस (टोचणी) घेऊन लिहायचं तर उजवीकडून डावीकडे, कारण टिंब कागदाच्या मागून टोचायचं असतं आणि कागद उलटून वाचायचा असतो. शिवाय भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भाषांसाठीच्या ब्रेलमध्ये, मात्रा अक्षराच्या पुढेच येते. 'कि' लिहिताना आपण डोळ्यांनी आधी वेलांटी पाहतो, तिथे आधी क, मग इ, जसं तोंडाने म्हणतो तसं. मला याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. इतकी वर्षं कविता लिहून पहिल्यांदा मी शब्द ज्या क्रमाने उच्चारतो त्याच क्रमाने लिहीत होतो. प्रत्येक टिंबाला दाब लागतो, म्हणून एकही फालतू शब्द परवडत नाही. माझ्या कविता आखूड झाल्या. माझ्या मते चांगल्या झाल्या.

पहिली कविता सरांपुढे ठेवली. ते बोट फिरवत गेले, एका जागी थांबले, मागे आले, पुन्हा गेले आणि हसले. नेमके तिथेच, जिथे हसायला हवं होतं. मग शेवटच्या ओळीत माझ्याकडून जास्तीचं पडलेलं एक टिंब त्यांनी नखाने दाबून सपाट केलं आणि कागद परत दिला.

एक वाचक

मला अनुभव लिहायचा नाही, विचारायचंय. उद्या मैत्रिणीला भेटायला जायचंय. आजार शेवटच्या टप्प्यात आहे. तिच्यासमोर काय बोलू, काही सुचत नाही. वरच्या परिचारिका ताई वाचत असतील तर सांगतील का?

रात्रपाळीची परिचारिका

वाचतेय. उभ्या उभ्या बोलू नका, खुर्ची ओढून तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. 'होशील बरी' म्हणू नका, तिला खरं काय ते ठाऊक असतं आणि मग तुमची समजूत काढायचं कामही तिच्यावर येतं. विचारा, 'आत्ता काय केलं तर बरं वाटेल?' उत्तर 'उशी सरळ कर' एवढंच आलं तर तेवढंच करा. ओठ कोरडे दिसले तर नर्सला विचारून ओल्या स्पंजने टिपा. ती ग्लानीत असली तरी तिच्याविषयी तिच्यासमोर कुजबुजू नका, तिला ऐकू येत असण्याची शक्यता असते. तुम्हाला गप्प बसवत नसेल तर तिला विचारून तिचे केस विंचरा, नखं कापून द्या. रडू आलं तर येऊ द्या. किती वेळ थांबणार ते आधीच सांगा आणि तेवढा वेळ फोन पर्समध्ये ठेवा. आणि निघताना 'परत येते' म्हणणार असाल तर कोणत्या दिवशी तेही सांगा. ती वाट बघेल.