भाषा मरणपंथाला लागली तर आधी रेकॉर्डिंग की आधी मुलं?

मेघना
जगातल्या सुमारे सात हजार भाषांपैकी कितीतरी भाषा आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरल्यात. बोलणारे बोटांवर मोजण्याइतके असतील, तिथे बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. पाठ्यपुस्तकं दहा वर्षांनीही निघतील, माणसं तोवर थांबणार नाहीत. अंदमानातली बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बाई, बोआ सिनियर, २०१० मध्ये गेल्या. भाषावैज्ञानिक अन्विता अब्बी वेळेत त्यांच्यापर्यंत पोचल्या म्हणून त्यांचा आवाज तरी राहिला.

सदानंद
साफ असहमत. कॉकेशसमधल्या उबिखचं उदाहरण घ्या. ८० हून अधिक व्यंजनांची भाषा. जॉर्ज द्युमेझिल यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिच्यावर कित्येक वर्षं काम केलं. कोश झाला, कथा उतरवल्या, ध्वनिमुद्रणं झाली. १९९२ मध्ये तुर्कस्तानात तिचे शेवटचे भाषक तेवफिक एसेंच वारले आणि बोलणारं कुणीच उरलं नाही. याउलट न्यूझीलंडच्या मूळनिवासी माओरींनी १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’ बालवाड्या सुरू केल्या आणि वडीलधाऱ्यांना थेट लहानग्यांमध्ये बसवलं. म्हाताऱ्यांच्या हाती वेळ थोडा असतो, तो नातवंडांना मिळायला हवा.

मेघना
सदानंदजी, माओरी बोलणारे तेव्हा हजारोंनी होते. मी म्हणतेय तिथे बालवाडीपुरती माणसंही नाहीत. अमेरिकेतल्या मायामी या मूळनिवासी जमातीची भाषा बोलणारे विसाव्या शतकातच संपले होते. पण जेझुइट मिशनऱ्यांचे जुने हस्तलिखित कोश शिल्लक होते. त्या आणि नंतरच्या नोंदींवरून डेव्हिड कोस्टा यांनी व्याकरण उभं केलं, आणि डॅरिल बाल्डविन यांनी ती भाषा शिकून स्वतःच्या मुलांना घरात शिकवली. ते कागद नसते तर त्यांनी शिकवलं काय असतं?

रुक्मिणी
नोंदवायचं काय, हे दोघंही बोलत नाही आहात. झाडं, पक्षी, शरीराचे अवयव यांच्या याद्या भरपूर होतात. मुलाला दटावणं, भांडण, थट्टा, एकमेकांचं वाक्य अर्ध्यात तोडणं हे क्वचितच टिपलं जातं, आणि शिकणाऱ्याला नेमकं तेच लागतं. म्हणून एकट्या माणसापुढे माइक धरू नका, दोघांना बोलू द्या. आणि परवानगी! काही गाणी बाहेरच्यांनी ऐकायचीच नसतात. ज्यांच्या आजीचा आवाज, त्यांनाच तो दूरच्या विद्यापीठाकडे अर्ज करून मागावा लागतो, याची मला मनापासून चीड येते.

सदानंद
रुक्मिणीताई, हे पटलं. मेघनाताई, मँक्स भाषा बघा. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावरच्या शेवटच्या पिढीची ध्वनिमुद्रणं १९४८ मध्ये झाली, शेवटचे जन्मजात भाषक नेड मॅड्रेल १९७४ मध्ये गेले. पण तोवर काही तरुण त्या म्हाताऱ्यांकडे जाऊन-येऊन भाषा शिकले होते. २००१ मध्ये मँक्स माध्यमाची शाळा निघाली. पुढे युनेस्कोने भाषा नामशेष ठरवली, तेव्हा शाळेतल्या मुलांनी त्याच भाषेत पत्रं लिहून विचारलं, मग आम्ही लिहितोय ती कुठली? नोंद बदलावी लागली. माझी अट एवढीच: रेकॉर्ड करायला जाणारा त्याच समाजातला असावा, आणि शिकायलाही बसावा.

मेघना
अट मान्य. पण तसा तरुण आज मिळाला नाही, तर तो मिळेपर्यंत मी रेकॉर्डर बंद ठेवणार नाही.