बोल्ट सरकला म्हणजे रायफल जुळली असं नाही

दुसऱ्या बनावटीच्या रायफलचा बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा सरकता दांडा) आपल्या रायफलमध्ये सहज सरकतोय, बंदही होतोय, मग घरीच बदलायला काय हरकत, असं एकाने विचारलंय. हरकत मोठी आहे. बंद बोल्टचं तोंड आणि काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, जिथे अडतं ती जागा, यांमधलं अंतर म्हणजे हेडस्पेस. ते वाढलं की बार उडताना काडतुसाची पितळी केस, म्हणजे बाहेरची नळी, ताणली जाते. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं उमटतं आणि केस नेमकी तिथेच फाटते. मग तापलेला वायू बोल्टच्या फटींतून थेट चेहऱ्याकडे येतो.

ली-एनफिल्ड नंबर ४ या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलचंच बघा. हे अंतर जुळवायला बोल्ट हेड (बोल्टची पुढची सुटी टोकं) ० ते ३ अशा चार मापांत काढावी लागली, बोल्टवरही त्या त्या रायफलचा नंबर असायचा. एकाच बनावटीत ही गत, तर परक्या बोल्टचं काय! आणि पोलाद किती दाब सोसेल, हे तर डोळ्यांना कळतच नाही. इशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने ७.६२ मिमीची २ए रायफल काढली तेव्हा घडण जुन्या ली-एनफिल्डचीच ठेवली, पण पोलाद बदललं.

कृपया तो बोल्ट घालून एकही गोळी झाडू नका. परवानाधारक गनस्मिथकडून आधी गेज (हेडस्पेस मोजायचं माप) लावून तपासून घ्या.