उद्या 5 ला फॉर्म बंद, आणि घरात एकमत नाही

(ग्रुप: आपली माणसं)

बाबा: सगळ्यांना नमस्कार. चिऊच्या बीडीएसचा, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीचा, कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा फॉर्म उद्या संध्याकाळी 5 ला बंद होतोय. आठवडाभर ज्याचा त्याचा फोन येतोय आणि प्रत्येक जण वेगळंच सांगतोय. तिच्या आईला झोप नाही. जे काय बोलायचं ते आज इथंच बोला. उद्या दुकानात फोन नकोत.

मोठे काका: बापू, मी परवाच सांगितलंय. पुण्याचं खाजगी एक नंबरला टाक. आपलं घर आहे, मुलगी घरात राहील, जेवण घरचं. नागपूर कशाला?

चिऊचे मामा: चला, आता सगळ्यांच्या कवळ्या घरच्या घरी 😄

काकू: एक वर्ष आणखी थांबली असती तर एमबीबीएस लागलं असतं. पण आम्हाला कोण विचारतंय.

आई: वहिनी, तिनं दोनदा नीट दिलीय. तिला दातांचंच करायचंय. तो विषय आता नको.

डॉ. ताई (आत्याची लेक): बापूमामा, आत्ता ओपीडी संपली, म्हणून उशीर. माझं मत सरळ आहे. सरकारी आधी, सगळी सरकारी. मुंबईचं सेंट जॉर्जच्या आवारातलं, मग महापालिकेचं नायर, मग नागपूर, मग संभाजीनगरचं घाटी रुग्णालयातलं. खाजगी त्याच्या खाली.

मोठे काका: पण 70:30 च्या प्रादेशिक कोट्यामुळे नागपूर आपल्याला लागणारच नाही. आपण साताऱ्याचे.

डॉ. ताई: मोठेमामा, तो प्रादेशिक कोटा 2020 ला रद्द झाला. आता अख्ख्या राज्याची एकच यादी.

मोठे काका: बरं. तरी नागपूर लांबच.

चिऊचे मामा: लांब कसलं! महाराष्ट्र एक्सप्रेस साताऱ्यावरूनच जाते. संध्याकाळी बसायचं, दुसऱ्या दिवशी उतरायचं.

पुण्याचा दादा: मी एक सुचवू का? नवी मुंबईत एक अभिमत विद्यापीठाचं कॉलेज आहे. सात मजली बिल्डिंग, एसी हॉस्टेल. आपण ईएमआय करू.

डॉ. ताई: दादा, अभिमत या फॉर्ममध्ये येतच नाही, त्याची फेरी दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची प्रवेश समिती घेते. त्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवत नाही. आणि मुलींची शिक्षण शुल्क माफी तिथे नाही. बापूमामांचं उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, ओबीसी आहोत. कॅपमधून, म्हणजे राज्याच्या प्रवेश फेरीतून गेली तर 2024 च्या जीआरप्रमाणे पुण्याच्या खाजगीतसुद्धा तिची शिक्षण शुल्क माफी होते. ती सोडून ईएमआय कशाला?

मोठे काका: म्हणजे पुण्यातही फी माफ. मग मी काय चुकीचं बोलत होतो? पुण्यात आपलं घर आहे. मुलगी घरात राहील.

आत्या: दादा, माझी लेक क्लासला पुण्यात जायची होती तेव्हा हे घर कुठं होतं?

मोठे काका: तेव्हा भाडेकरू होते. तुला माहीत आहे.

आत्या: माहीत आहे. तीन हजार रुपयांची कॉट घेऊन राहिली ती सदाशिव पेठेत.

बाबा: ताई, दादा, हात जोडतो 🙏 आज नको.

डॉ. ताई: आई, सोड ना. चिऊ, तू हे वाच. चार वर्षं कॉलेज आणि एक वर्ष इंटर्नशिप. पहिली दोन वर्षं मेणाच्या ठोकळ्यातून दाढा कोरायच्या आणि फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर हात बसवायचा, ते कुठंही होतं. खरा फरक तिसऱ्या वर्षी पडतो, खुर्चीत पेशंट बसल्यावर. आमच्या नागपूरला सकाळी केसपेपरची रांग दाराबाहेर असायची. खर्रा (तंबाखू-सुपारी) खाऊन तोंड आखडलेली माणसं. दोन बोटंसुद्धा आत जायची नाहीत, आणि त्यात मागच्या दाढेपर्यंत आरसा न्यायचा. सर मागे उभे राहायचे आणि म्हणायचे, घाई करू नको, गाल आधी सैल होऊ दे. तो हात आज मला दवाखान्यात रोज उपयोगी पडतो.

डॉ. ताई: माझी एक मैत्रीण एका खाजगी कॉलेजात होती. अंतिम वर्षाचा पेशंटचा कोटा भरायला शेजारच्या आजोबांना ती स्वतः रिक्षाचं भाडं देऊन न्यायची. कवळीचा पेशंट मिळेना. डिग्री तिचीही तीच, पण पहिली दाढ एकटीनं काढताना ती घाबरली होती.

आई: आणि सरकारीत सगळं चांगलंच का?

डॉ. ताई: नाही मामी. एखादी खुर्ची महिनोन्‌महिने बंद असते, मटेरियल संपतं, हॉस्टेलला पाणी नाही म्हणून आम्ही रात्री बादल्या भरून ठेवायचो. एकटं वाटतं. पहिल्या सहामाहीत मी रोज रडायचे, आईला विचारा.

आत्या: रोज.

मोठे काका: पुन्हा सांगतो, पुण्यात आपलं घर आहे. मुलगी घरात राहील. आजारी पडली तर बघायला कोण आहे नागपूरला?

चिऊचे मामा: वसतिगृहाची रेक्टर आहे. आणि माझा साडू नागपुरातच अजनीला राहतो.

काकू: साडूच्या भरवशावर मुलगी? वा.

डॉ. ताई: मोठेमामा, तुमची काळजी खरी आहे. मग एक करा, चिऊला घेऊन उद्या सकाळी दहा वाजता त्या पुण्याच्या कॉलेजच्या ओपीडीत बसा. बिल्डिंग नको, खुर्च्या बघा. किती भरल्यात, इंटर्न हातानं काम करतोय की नुसता उभा आहे. आणि कॉलेजला मान्यता आहे का ते तपासा. नव्या कॉलेजला दरवर्षी परवानगी घ्यावी लागते.

पुण्याचा दादा: मी नेतो. सुट्टी टाकतो.

मोठे काका: मीपण येतो.

चिऊ: सगळ्यांनी माझ्यासाठी एवढा वेळ दिला, थँक्यू. मी ठरवलंय. मुंबई सरकारी, नायर, नागपूर, संभाजीनगर, मग पुण्याची खाजगी. उद्या ओपीडी बघून खाजगींचा आपसातला क्रम लावीन. वरचे चार बदलणार नाही. काका, नागपूर लागलं तर मी जाणार. तुम्ही सोडायला याल का?

काकू: वाट्टेल ते.

बाबा: डॉ. ताईच्या मते मुंबई मिळेल का? मार्क तर काठावर आहेत.

डॉ. ताई: कठीण आहे. पण वर टाकल्यानं काही जात नाही. वरचं नाही मिळालं तर खालचं मिळतं. फक्त पहिल्या फेरीत जे मिळेल तिथं प्रवेश घेताना स्टेटस रिटेन्शन फॉर्म, म्हणजे मिळालेली जागाच कायम ठेवायचा फॉर्म, भरू नका. तो भरला की पुढच्या फेरीत नाव जात नाही. कॉलेजातला क्लार्क सहीसाठी पुढे करतो आणि पालक घाईत सही करतात.

बाबा: लिहून ठेवलं. नॉन-क्रीमीलेअर चालू वर्षाचं आहे. जात पडताळणीही झालीय.

मोठे काका: सोडायला येतो. गाडीची तिकिटं मी काढणार, कोणी मधे बोलू नका.

आत्या: दादा, दोन तिकिटं जास्त काढ. मी आणि लेक ठाण्याहून पुण्याला येऊन चढू, तिला जुनं हॉस्टेल दाखवायचंय.